हॉप्स आणि ग्रेपफ्रूट एकाच पंक्तीत नकोत

हॉप्ससुद्धा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ग्रेपफ्रूटसारखेच आतड्यातलं सीवायपी३ए४, म्हणजे बरीच औषधं मोडणारं एन्झाइम, बंद पाडतात, असं काही जण म्हणतात. एवढं सरळ नाही ते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिनं नावाची रसायनं हे एन्झाइम कायमचं निकामी करतात. पेशी नवं बनवेपर्यंत औषध रक्तात जास्त उतरतं. हॉप्समधलं कोलुप्युलोन हे रसायन उलट दिशेने जातं. ते पेशीतल्या पीएक्सआर रिसेप्टरला (असं एन्झाइम बनवायला लावणाऱ्या प्रथिनाला) चालू करतं आणि सीवायपी३ए४ वाढतं, म्हणजे धोका असलाच तर औषध कमी पडण्याचा. सेंट जॉन्स वर्ट या औषधी वनस्पतीतलं हायपरफोरिन हेच करतं, आणि रचनेने दोघं चुलतभाऊच. त्यातही हॉप्सचंच ८-प्रेनिलनॅरिंजेनिन प्रयोगशाळेत सीवायपी१ए२ या दुसऱ्याच, कॅफीन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. तेव्हा 'हॉप्सचा परिणाम' असं एका दमात बोलताच येत नाही.

शिवाय अशा प्रयोगांत कोणत्या पेशी वापरल्या ते आधी बघावं. काको-२ पेशी आतड्याचा नमुना म्हणून सर्रास वापरतात, पण त्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या. ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप वगैरे देऊन चेतवल्या नाहीत तर त्यांच्यात सीवायपी३ए४ जेमतेमच असतं! माणसांवरचं म्हणाल तर रजोनिवृत्तीच्या आसपासच्या महिलांना दोन आठवडे प्रमाणित हॉप्स अर्क देऊन कॅफीन, अल्प्राझोलाम (चिंतेवरचं, सीवायपी३ए४ मोडतं ते) अशा औषधांची रक्तातली पातळी तपासली गेली आहे (२०२०). डोस बदलावा लागेल असा फरक दिसला नाही. बिअरचा मुद्दा तर आणखी वेगळा, कारण उकळताना हॉप्समधल्या झँथोह्यूमॉल या रसायनाचं बरंचसं आयसोझँथोह्यूमॉल होऊन जातं, म्हणजे पोटात जाणारी रसायनंच बदलतात.