पंचतारांकित हॉटेलातला घरचा डबा: दुबईत ब्रिटिश शाळा की आपली?

नहदावासी:
गेल्या आठवड्यात मरीनावाला यांनी इथे लिहिलं होतं: "दुबईत राहून मुलाला भारतीय शाळेत घालणं म्हणजे पंचतारांकित हॉटेलात जाऊन घरून नेलेला डबा खाणं. ज्यांना परवडत नाही त्यांचं ठीक. पण परवडत असून घालत नाहीत ते मुलांचं नुकसान करतात." खाली टाळ्यांचा पाऊस. मी तेव्हा गप्प बसले, पण आठवडाभर पोळ्या लाटताना तेच वाक्य डोक्यात. म्हणून हा धागा. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्हीही घातलं होतं हो. नवऱ्याच्या कंपनीचा शिक्षण भत्ता होता, थोरली एफएस २ ला, म्हणजे इयर १ च्या आधीच्या बालवर्गात, ब्रिटिश शाळेत गेली. प्रवेशाआधी शाळा दाखवायला नेतात तेव्हा काय दाखवतात? पोहण्याचा तलाव, नाटकाचा रंगमंच, पालकांसाठी कॉफीचं मशीन. बस कुणी दाखवत नाही. अल नहदाहून अल बर्शाला जायला सकाळी सहा दहाला बस. पाच वर्षं मी तिला झोपेत मोजे घातलेत. शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही. शिक्षिका गोड होत्या, फक्त दर दोन वर्षांनी नवीन गोड शिक्षिका यायच्या.

मग एका जानेवारीत कंपनीने भत्ता बंद केला. ब्रिटिश वर्ष संपतं जुलैला, तिसऱ्या टर्मची फी खिशातून. आपल्या शाळांचं वर्ष सुरू होतं एप्रिलला. मुलगी इयर ५ मध्ये, म्हणजे आपली चौथी, तीही अर्धीमुर्धी झालेली. भारतीय शाळेत पाचवीच्या प्रवेशासाठी नेलं तर गणित, इंग्रजी झकास. हिंदीचा कागद दिला. बाईंनी 'कमल' लिहायला सांगितलं. पोरीने आधी पट्टीने आडवी रेघ मारली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर लटकवलं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. 'ल' उलटा. बाई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हा मरीनावाला, नुकसान कशाला म्हणायचं ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

मरीनावाला:
ताई, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण कंपनीने भत्ता बंद केला हा ब्रिटिश शाळेचा दोष कसा? उद्या घरभाडं परवडेना म्हणून खोली वाईट होती म्हणाल.

माझा मुद्दा साधा आहे. मी अकोल्याच्या शाळेत शिकलो. प्रश्न विचारला की "फार शहाणा झालास का" आणि बाकावर उभं. आजही मीटिंगमध्ये हात वर करताना पोटात गोळा येतो, पंधरा वर्षांचा अनुभव असून. माझा मुलगा इयर ३ मध्ये अख्ख्या शाळेसमोर कासवांवर पाच मिनिटं बोलला. चुकला, स्वतःच हसला, पुढे बोलला. मला ते हसणं विकत घ्यायचं आहे, आणि त्याला जेवढे पैसे पडतात तेवढे मी देतो. रट्टा मारून आलेले नव्वद टक्के मला नकोत. शिवाय तो अरबी शिकतोय, तो बोनस वेगळा.

हिशेबनीस:
अरबी बोनस नाही, मालक. अमिरातीतल्या सगळ्या खासगी शाळांत ती सक्तीची आहे. ताईंच्या मुलीलाही आहे, बारा महिने.

आता भावना जरा बाजूला ठेवू. फी दरवर्षी किती वाढवता येईल त्याचा निर्देशांक केएचडीए, म्हणजे दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, जाहीर करते. २०२४-२५ ला २.६ टक्के होता, २०२५-२६ ला २.३५. ऐकायला गोंडस. पण ब्रिटिश शाळेच्या ७०,००० दिरहम फीवर २.३५ टक्के म्हणजे १,६४५, आणि आपल्या शाळेच्या १२,००० वर २८२. टक्का तोच, खड्डा वेगळा. त्यात गणवेश, सहली, बस धरली नाही.

दुसरं, सरकारी तपासणीत मिळालेल्या 'आउटस्टँडिंग' शेऱ्याचा फाटकावरचा फलक. पूर्ण तपासण्या २०२४-२५ मध्ये थांबवल्या होत्या, नव्या शाळा सोडून. त्यामुळे फलक वाचताना त्यावरचं सालही वाचा. शाळा तीच असेल, शिक्षक तेच असतील असं नाही.

आणि मुख्य म्हणजे, प्रश्न पहिलीत कुठे घालायचं हा नाहीच. नववीत तुम्ही कुठे असाल हा आहे. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, थेट दहावीत शिरणं महाकठीण. ब्रिटिशांकडे इयर १० आणि ११ मिळून जीसीएसईचा, म्हणजे त्यांच्या दहावीच्या परीक्षेचा, दोन वर्षांचा अभ्यास. म्हणजे इकडून तिकडे उडी मारायची तर इयर ९ संपेपर्यंत. त्यानंतर मारली की गुडघे फुटतात. ए लेव्हलला, म्हणजे त्यांच्या अकरावी-बारावीला, मूल तीन विषय घेतं. आवडत नाही म्हणून फिजिक्स सोडलं की भारतातली 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा विसरा, तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही लागतात. निकाल ऑगस्टमध्ये, तोवर भारतात प्रवेशाच्या फेऱ्या निम्म्या झालेल्या. वर समकक्षतेचा दाखला. माझ्या मेहुण्याने हे सगळं केलंय, त्याचे केस बघा एकदा.

टेम्सकाठचा:
खऱ्या ब्रिटनमधून एक प्रतिसाद घ्या. 'ब्रिटिश शाळेत रट्टा नसतो' हे वाचून खुर्चीतून पडलो. इंग्लंडात इयर ४ ला सरकारी पाढ्यांची परीक्षा असते. २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंत. माझी मुलगी दोन महिने आंघोळीला जातानाही पाढे म्हणत होती.

आणि इथे बहुतेक लोक पोरांना सरकारी शाळेत पाठवतात, फुकट. गणवेशाचे शर्ट सुपरमार्केटात दुधाच्या पिशवीबरोबर घेतो. तुम्ही ज्याला ब्रिटिश म्हणता ती इथल्या खासगी शाळांची नक्कल आहे. त्या खासगीवाल्यांच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागला, तेव्हापासून तेही रडतायत. शाळेला एका शब्दाचा शेरा द्यायचं आमच्याकडे सरकारी शाळांपुरतं सप्टेंबर २०२४ पासून बंद झालं. तुम्ही मात्र तो शब्द फाटकावर मिरवताय.

अजून एक, कारण हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. दुबईच्या ब्रिटिश शाळेतून आलं म्हणून इथल्या विद्यापीठात स्थानिकांची फी लागत नाही. त्यासाठी इथे कायमचा हक्क लागतो आणि तीन वर्षं राहिलेलं असावं लागतं. तुमचं पोर 'ओव्हरसीज', म्हणजे परदेशीच.

निवृत्त मास्तर:
पाढे तीसपर्यंत हवेत. पावकी, निमकी, दीडकी गेली तिथेच सगळं गेलं. आणि दोन्ही बाजूंना माझा एकच प्रश्न: मराठी माध्यमाचा विचारही कुणाच्या मनात येत नाही का?

हिशेबनीस:
मास्तर, दुबईत मराठी माध्यमाची शाळा दाखवा, उद्या नाव घालतो. मुलाचं नव्हे, माझं.

इचलकरंजीकर:
डब्यावरून आठवलं. इथल्या ब्रिटिश शाळेचं पत्र आलंय, डब्यात शेंगदाणा चालणार नाही. अहो, मग आम्ही काय द्यायचं? कोशिंबिरीत कूट, भेंडीत कूट, वांग्यात कूट, चटणी तर दाण्याचीच. दाण्यावर बंदी म्हणजे मराठी माणसावर बंदी. मुलगा रोज चीज सँडविच खातोय, चेहरा बघवत नाही. ही कसली 'सर्वसमावेशक' शाळा?

देवगडचा हापूस:
घाटावरच्या लोकांचं हेच. कूट काढलं की स्वयंपाकघर बंद. ओलं खोबरं नावाची वस्तू आहे जगात. भेंडीला खोबरं, कोशिंबिरीला खोबरं. साबुदाण्याची खिचडीसुद्धा होते.

इचलकरंजीकर:
खिचडी बिनदाण्याची?? त्यापेक्षा उपास मोडलेला बरा.

नहदावासी:
अहो, दाणे आमच्या भारतीय शाळेतही बंद आहेत. ब्रिटिशांच्या माथी मारू नका. आणि धागा शाळेचा आहे.

देवगडचा हापूस:
होते म्हणजे होते. आई दर चतुर्थीला करायची. जिरं, हिरवी मिरची, बटाटा, खोबरं, वरून लिंबू. कूट घालून तुम्ही लोक साबुदाण्याची चव मारता.

इचलकरंजीकर:
साबुदाण्याला चव असते ही नवीनच माहिती. कूट असतं म्हणून तर तो मोकळा राहतो. आणि ह्या अॅलर्ज्या आल्या कुठून एवढ्या? आमच्या वर्गात साठ पोरं होती, मधल्या सुट्टीत सगळी दाणे खायची. एक मेलं नाही. हे सगळं गोऱ्यांचं कौतुक आहे.

सिलिकॉनआई:
इतका वेळ फक्त वाचत होते. आता लिहिते.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना संक्रांतीला शेजारच्या काकूंनी तिळगुळाची वडी दिली. त्यात दाणे होते. पाच मिनिटांत ओठ सुजले, मग डोळे, मग तो खोकायला लागला आणि खोकल्याचा आवाज बदलला. नवरा गाडी चालवत होता, मी मागच्या सीटवर त्याचं डोकं धरून. तो रस्ता मी आजही टाळते.

शाळा शोधत होतो तेव्हा एका भारतीय शाळेत सुपरवायझर बाई म्हणाल्या, "थोडं थोडं खाल्लं की सवय होईल." तिथून उठलो. मग एका ब्रिटिश शाळेत गेलो. नर्सच्या खोलीत भिंतीवर मुलांचे फोटो, प्रत्येकाखाली काय चालत नाही ते, आणि नावाचं लेबल लावलेली दोन-दोन इंजेक्शनची पेनं. वर्गातल्या मदतनीस बाईंनी मला ते मांडीवर कसं टोचायचं ते करून दाखवलं. मला. मी त्या दिवशी फी विचारलीच नाही. अभ्यासक्रम कुठला तेही घरी आल्यावर वाचलं.

इचलकरंजीकर, तुमच्या वर्गातली साठ पोरं मोजलीत. एकसष्टावं कधी शाळेत आलंच नसेल, ते कोण मोजणार?

इचलकरंजीकर:
ताई, तुमच्यावर बोललो नव्हतो.

सिलिकॉनआई:
माझ्यावरच बोललात. 'गोऱ्यांचं कौतुक' म्हणालात. तो दिसायला शुद्ध गव्हाळ आहे.

निवृत्त मास्तर:
शांत व्हा सगळे. तिळगुळावरून भांडण शोभत नाही.

टेम्सकाठचा:
मास्तर, त्यावरूनच तर होतं. 😀

हिशेबनीस:
सिलिकॉनआईंचा मुद्दा मी माझ्या हिशेबात धरला नव्हता, हे मान्य. पण तो शाळेचा मुद्दा आहे, ब्रिटिशपणाचा नाही. नर्सच्या खोलीत जाऊन बघणं कुठल्याही शाळेत फुकट असतं. आम्ही सगळे तलाव बघून येतो.

नहदावासी:
अगदी. आणि आता आमच्या लेकीचंही सांगते, नाहीतर वाटेल रडतेय. पहिलं वर्ष वाईट गेलं. वर्गात चौतीस पोरं, बाईंना सगळ्यांची नावं दिवाळीपर्यंत पाठ नव्हती. "प्रश्न विचारला की बाई चिडतात" असं ती म्हणायची, तेव्हा मरीनावाला, तुमचं अकोला आठवलं असतं मला. आता ती आजीला पत्र लिहिते. चुका ढीगभर. पण आजी ते पत्र शेजारणीला वाचून दाखवते, आणि रेघ शेवटी मारलेली असते.

मरीनावाला:
प्रश्न विचारला की बाई चिडतात हे कबूल केलंत त्याबद्दल आभार. मीही एक करतो: 'नुकसान' हा शब्द मागे घेतो. हॉटेलचं वाक्य मागे घेणार नाही, ते चांगलं जमलंय.

नहदावासी:
डबा घरचाच चांगला असतो, एवढंही कबूल करा मग.

मरीनावाला:
इतकंही नाही.

हिशेबनीस, थोरली इयर ८ ला आहे. आमच्याकडे येत्या सप्टेंबरपासून भत्त्याला कमाल मर्यादा लावतायत म्हणे. अजून लेखी काही नाही. ते नववीच्या नोंदणीचं जरा सविस्तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घाई नाही. म्हणजे या आठवड्यात केलात तर बरं.

इचलकरंजीकर:
सिलिकॉनआई, चुकलो. साठाचा हिशेब चुकला. घरी विचारलं तर आई म्हणाली, आमच्याच गल्लीत एक पोरगी दाण्याने जायची राहिली होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण बिनदाण्याची खिचडी अजूनही मान्य नाही.

सिलिकॉनआई:
ठीक आहे.

हापूस, तुमच्या पद्धतीने आज केली. मुलाने जन्मात पहिल्यांदा खिचडी खाल्ली, दोनदा मागितली. पण गोळा झाला हो नुसता, डाव उभा राहिला त्यात. साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

इचलकरंजीकर:
मी काही बोलत नाही.