‘स्पेकल’ला मराठीत काय म्हणावं?

रंकाळाकाठी: कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहितेय. विषय, लेसरच्या उजेडात बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह टिपणं. ‘लेसर स्पेकल कॉन्ट्रास्ट इमेजिंग’ या नावाशी अडलंय. ‘ठिपके’ पटत नाही.

शाहूपुरीकर: ताई, ‘कणी’ घ्या की! गुळाची ढेप फोडल्यावर आत दिसते तशी. कोल्हापुरात सांगावं लागणार नाही.

तिकटीवरचा मास्तर: कळेल, पण भलतंच कळेल. वाचणारा म्हणणार, ही कणी म्हणजे तांबड्या पेशी. पेशी इथे सुट्या दिसतच नाहीत. लेसरचा प्रकाश त्वचेत शिरून ठिकठिकाणांहून परततो, त्या लाटा एकमेकींत मिसळतात, कुठे भर पडते, कुठे एकमेकींना खोडतात. त्यातून उजेड-अंधाराचा रवाळ पोत तयार होतो. रक्त वाहतं तसा तो सारखा बदलतो. कॅमेऱ्याचं शटर ५ ते १० मिलिसेकंद उघडं राहिलं, की तेवढ्यात हा पोत पुसट होतो, हललेल्या फोटोसारखा. जास्त पुसट तिथे प्रवाह जोरात. फर्चर आणि ब्रायर्स यांनी ही युक्ती १९८१ साली मांडली. मी ‘रवाळ पोत’ म्हणेन. तो गुण आहे, वस्तू नाही.

शाहूपुरीकर: मान्य सर. कॉन्ट्रास्टला ‘उठाव’?

रंकाळाकाठी: कलापुरात चालायला हवा! पण मार्केट यार्डात उठाव म्हणजे मागणी, इतिहासात बंड.

तिकटीवरचा मास्तर: संदर्भानं कळतं. ‘विरोधाभास’ तेवढं लिहू नका, ते तर्कातलं. इथला उठाव मोजता येतो. ५ बाय ५ किंवा ७ बाय ७ पिक्सेलांची चौकट घ्यायची आणि तिच्यातल्या उजेडाच्या प्रमाण विचलनाला, म्हणजे तो सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरलाय त्याला, सरासरीनं भागायचं. पण चौकटीपेक्षा बारीक वाहिनी त्यात बुडते. म्हणून दुसरी तऱ्हा: एकामागून एक घेतलेल्या चित्रांत एकाच पिक्सेलचा उजेड कसा बदलतो ते तपासायचं. बारीक वाहिन्या उघड्या पडतात, मात्र वेळेतले झटपट बदल निसटतात. पहिल्याला ‘जागेतला उठाव’ म्हणा, दुसऱ्याला ‘काळातला’.

रंकाळाकाठी: आणि वरची त्वचा, हाड?

तिकटीवरचा मास्तर: खरी अडचण तीच. ती हलत नाहीत, त्यांच्याकडून आलेला पोत पुसट होत नाही, आणि प्रवाह आहे त्याहून कमी भासतो. त्यावर शटरच्या वेगवेगळ्या वेळा ठेवून चित्रं घेतात आणि स्थिर भाग गणितानं वेगळा काढतात. शटर उघडं राहण्याची वेळ म्हणजे ‘एक्स्पोजर’, म्हणून हे ‘मल्टी-एक्स्पोजर’. याला ‘बहु-उघडीप’ नका म्हणू, पावसाची उघडीप आठवते.

शाहूपुरीकर: ‘केशवाहिनी’ तरी ठेवायची ना?

रंकाळाकाठी: ठेवतेय. केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर, केशवाहिनी ५ ते १०, म्हणजे नाव तसं मोठंच पडतं. तांबडी पेशी स्वतःच ७-८ मायक्रोमीटरची, कैक ठिकाणी अंग चोरून एकेरी रांगेत जाते. हे वाक्य फलकावर घालणार आहे. ‘एक्स्पोजर’ तसंच ठेवू का?

तिकटीवरचा मास्तर: ठेवा. फोटो स्टुडिओवाल्यांनी कधीच मराठी केलाय तो.