मदत हवी आहे: जमीन ओली, तरी मोसंबी फुटत नाही

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात आमची मोसंबीची 10-12 वर्षांची बाग आहे. जमीन हलकी, खाली मुरूम. उन्हाळ्यात विहीर आटली, टँकरनं भागलं नाही. आता पाऊस चांगला झालाय. निम्मी झाडं फुटली, बाकीची नुसती उभी आहेत.

मला कळत नाही ते हे: आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा) धरताना आपण पाणी तोडून मुद्दाम ताण देतोच की. पानं मलूल होतात, थोडी गळतात, पाणी सोडलं की झाड फुलतं. मग तोच ताण लांबला तर झाड उठत का नाही? बुरशीनाशकाची आळवणी केली (मुळाशी ओतलं), फरक शून्य (खर्च सोडून). बांधावरची बाभूळ मात्र हिरवीगार. छाटणी करू की थांबू?

उत्तर १: कलम कोणत्या खुंटावर (खालच्या मुळाच्या झाडावर) आहे? रंगपूर लिंबू अवर्षण बरंच सोसतो.

धागाकर्ता: जंबेरी लिंबावर.

उत्तर २: दादा, मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पाणी मुळं वर ढकलत नाहीत, पानं ओढून घेतात. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये हे मांडलं. लाकडातल्या बारीक नळ्यांत पाण्याचा सलग, ताणलेला धागा असतो. बहाराच्या ताणात पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटतात, ओढ वाढते, पण धागा बहुतेक टिकतो. हद्द ओलांडली की नळीत हवा खेचली जाते, बुडबुडा फुगतो आणि ती नळी बाद. अशा पुष्कळ नळ्या गेल्या की मुळाशी पाणी असून फांदी कोरडीच. सालीखालचा थर जिवंत असेल तर तो नवं लाकूड घालतो, त्यात नव्या नळ्या येतात. याला वेळ लागतो.

नखानं साल खरवडा. हिरवं, ओलसर दिसलं तर थांबा. पानं गळून गेली असतील तर आशा आहे; वाळून फांदीलाच चिकटली असतील तर पान सोडण्याआधीच फांदी मेली. ती जिवंत भागापर्यंत छाटा, कापावर बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. पानंच नाहीत तर झाड पाणी पिणार कसं? भरमसाट देऊ नका, मुळं कुजतील. आणि यंदा या झाडांना ताण देऊन बहार धरू नका.

धागाकर्ता: आभारी आहे ताई. काही खोडं एका अंगाला हिरवी, दुसऱ्या अंगाला तपकिरी निघाली. ती ठेवू का?

उत्तर २: ठेवा. हिरव्या अंगाची मुळं त्याच अंगाच्या फांद्या पोसतील. उघड्या खोडाला चुना लावा, ऊन भाजतं.