तैमूर अरबी नाही हो, किती वेळा सांगायचं!

भोचक भाऊ: "तैमूर म्हणजे अरबीत धरणी हादरवणारा, असं नाव ठेवणारे आईबापही तसलेच" ही पोस्ट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज पुन्हा आली, आणि खाली टाळ्या. अहो, शब्द तुर्की आहे! तेमुर म्हणजे लोखंड. तुर्कस्तानात आजही लोखंडाला 'देमिर' म्हणतात. हादरण्याची कथा दिल्ली लुटणाऱ्या तैमूरलंगाच्या तथाकथित आत्मचरित्रातली: बापाने तान्ह्याला शेखाकडे नेलं, शेख कुराणाचा 67वा अध्याय वाचत होता, 'तमूर' (अरबीत 'हादरते') शब्दाशी थांबला, झालं बारसं. हे आत्मचरित्र उजेडात आलं शाहजहानच्या काळात, सतराव्या शतकात. लेखकमहाशय तैमूर 1405 लाच वारलेले. आणि मंगोल सम्राट कुबलाई खानाच्या नातवाचं नावही तेमुरच. तो 1307 ला मेला, हा तैमूर जन्मला 1336 ला. मग त्या नातवाला कुठल्या शेखाने नाव दिलं?

रोखठोक: लोखंड असो नाहीतर पितळ. 1398 ला दिल्लीत काय झालं? लढाईआधी लाखभर कैदी कापले, असं त्याचेच चरित्रकार कौतुकाने लिहितात. दुर्योधनाचाही अर्थ 'लढायला अवघड'. ठेवता का पोराचं नाव?

रमाकाकू: ताश्कंदला लेकीकडे गेले होते. शेजारचा तेमुर माझ्या भाजीच्या पिशव्या जिना चढून आणून द्यायचा, गोड पोरगा. तिथे कार्ल मार्क्सला हलवून भर चौकात तैमूरचा घोड्यावरचा पुतळा बसवलाय.

रोखठोक: काकू, पिशव्यांचा इथे काय संबंध?

नीसदार: एवढी ॲलर्जी आहे तर आधी आडनावं बदला. मी मुजुमदार, अर्धं अरबी, अर्धं फारसी. चिटणीस, फडणीस, पोतनीस सगळे माझ्या मागे रांगेत. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून मुलं शहाजी आणि शरीफजी, असंच सांगतात ना?

रोखठोक: शहाजीराजांना मध्ये ओढू नका! पीर वेगळा, लुटारू वेगळा.

नीसदार: मग भांडण माणसाशी आहे, भाषेशी नाही. हेच तर म्हणतोय.

रोखठोक: मी भाषेबद्दल कधी बोललो? वर वाचा. चष्मा लावून.

भोचक भाऊ: धागा शब्दाच्या उगमाचा होता. आडनावांसाठी वेगळा काढा.

नीसदार: काढतो. पण 'बहादूर'ही तिकडूनच आलाय, तेवढं सांगून जातो.

रोखठोक: बरं, लोखंड तर लोखंड, मान्य. भोचकभाऊंना शाल-श्रीफळ द्या. पोराचं नाव मी तरीही ठेवणार नाही.

रमाकाकू: तुम्हाला ठेवायला सांगितलंय कोणी?