स्वतःची गाणी करतो, पण सगळी एकाच छापाची होतात

कोरी_तार
अकूस्टिक गिटार, आठ महिने झाले. जी, डी, ई मायनर, सी या कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) न बघता बदलता येतात, एफ मात्र घसरते. मराठीत पाच-सहा गाणी केली आहेत. पद्धत अशी: आधी जी-डी-ई मायनर-सी हे चक्र लावायचं, त्यावर गुणगुणायचं, शेवटी शब्द बसवायचे. सगळी गाणी एकमेकांची भावंडं वाटतात आणि शब्द मराठी असले तरी चाल कुठल्यातरी हिंदी अनप्लग्डची वाटते. अजून कॉर्ड्स शिकू का?

सहावी_तार
कॉर्ड्स पुरेशा आहेत, क्रम उलटा आहे. चक्र आधी लावलं की गळा कॉर्डच्या मुख्य स्वराला चिकटतो आणि प्रत्येक ओळ पहिल्या ठोक्यावर सुरू होते. चार गाणी सारखी होतात ती इथेच.

गिटार खाली ठेवा. एक कडवं नुसतं गाऊन फोनवर रेकॉर्ड करा. मग त्यातला सा शोधा आणि प्रत्येक ओळ कुठल्या स्वरावर थांबते ते लिहा. मेजर स्केलमधला कुठलाही स्वर त्याच स्केलच्या तीन साध्या कॉर्ड्समध्ये असतो. सी स्केलमध्ये ओळ पंचमावर (म्हणजे जी स्वरावर) थांबली तर सी, जी आणि ई मायनर तिन्ही चालतात; गंधारावर (ई स्वरावर) थांबली तर सी, ए मायनर, ई मायनर. एकाच चालीला तीन वेगवेगळे संच लावून ऐका. तुम्ही पुन्हा पुन्हा कुठला उचलता, तिकडे लक्ष ठेवा.

आणि पट्टी गळ्याची धरा, गिटारची नको. हार्मोनियमवर तुमची काळी एक असेल तर सी चे आकार आणि कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी चिमटी) पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या पट्टीवर, किंवा ए चे आकार आणि कॅपो चौथ्यावर. जी च्या आकारांसाठी कॅपो सहाव्यावर न्यावा लागेल. आवाज पार पातळ होतो.

मात्रामोजणी
वरचं पटलं, पण हिंदी वाटण्याचं कारण शब्दांत आहे. मराठीत ‘घर’, ‘पाऊस’ यांचा शेवटचा अ बोलताना गळतो. ओळीच्या शेवटच्या लांब सुरावर असा शब्द आला की ‘घरऽऽ’ असं ओढावं लागतं आणि ऐकणाऱ्याला ठेच लागते. लांब सुराखाली आ, ई, ए, ओ येऊ द्या. ऱ्हस्व अक्षर ताणणं आणि दीर्घ अक्षर कोंबणंही टाळा.

अभंगाचा ६-६-६-४ अक्षरांचा साचा घेऊन पाहा. चटकन जुळवलेलं उदाहरण:

दारात सावली / उंबऱ्याशी ऊन / आले न सांगून / कोण बाई

प्रत्येक चरणाला आठ मात्रांचा एक बार. सहा अक्षरं बसवली की दोन मात्रा उरतात, त्या कुठे खर्च करायच्या ते तुम्ही ठरवायचं: शेवटी, मध्ये, की सुरुवातीलाच थांबून. चौथ्या चरणात चार उरतात, ती गिटारची जागा. स्ट्रमिंगही केरव्यासारखं करा: पहिल्या मात्रेला अंगठ्याने खर्जाची तार, पाचवी मात्रा ‘खाली’, म्हणजे बिनजोराची, म्हणून तिथे फक्त वरच्या तीन तारा. डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप या सर्वत्र ऐकू येणाऱ्या ठेक्यापासून तेवढ्यानेच सुटका होते.

खर्जातला
एक भर. सी ला सा धरला आणि चाल भूप रागासारख्या पाच स्वरांची असेल तर जी मेजर खटकते, कारण तिच्यातला बी म्हणजे शुद्ध निषाद भूपात नाही. तिथे जी सस फोर घ्या: सहावी तार तिसरा फ्रेट, पाचवी बंद, चौथी-तिसरी मोकळ्या, दुसरी पहिला फ्रेट, पहिली तिसरा. जी, सी, डी, म्हणजे प, सा, रे, तिन्ही भूपातले. एफ तर नकोच, तिच्यात मध्यम आहे.

डीएडीजीएडी ट्यूनिंगही लावून बघा. सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी दोन फ्रेटइतकी उतरवायची. मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा होतात, अर्धा तंबोराच. भूपात तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट दाबा, मध्यमाचा पंचम होतो.

कोरी_तार
म्हणजे तूर्त एफ सोडून देऊ?

सहावी_तार
नको, सी मध्ये गाणार तर ती लागेलच. पहिल्या फ्रेटचा बार (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबणं) नट शेजारी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीशेजारी, असल्यामुळे सगळ्यात कडक लागतो. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए होतो. सहाही तारा स्वच्छ वाजल्या की एकेक फ्रेट खाली या. दुसऱ्यापर्यंत सहज आणि पहिल्यावरच अडत असेल तर नट तपासा: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर कागदाएवढीच फट राहायला हवी. जास्त असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून खाचा खोल करून घ्या, घरी कानस लावू नका. तोवर वरच्या चार तारांची छोटी एफ वापरा.