वेल्डरच्या हातातलं ज्ञान अभ्यासक्रमात कसं आणायचं?

प्रश्न:
वेल्डिंगचा कोर्स नव्याने लिहायचंय, त्यासाठी एका खूप अनुभवी वेल्डरना सोबत घेतलंय. काम असं की बघत राहावं, पण काय काय शिकवायचं विचारलं की म्हणतात करंट लावायचा, आर्क (रॉड आणि धातूमधली विजेची ज्योत) धरायचा, बाकी हाताला कळतं. आता हे हाताला कळणारं कागदावर कसं उतरवू? अजून एकदोन मुलाखती घेतल्या तर निघेल का?

प्रतिसाद १:
एकट्या माणसाच्या मुलाखतीवर कोर्स उभा करू नका. डेकम म्हणून पद्धत आहे, १९६० च्या दशकात कॅनडात निघालेली. रोज ते काम करणारी ५ ते १२ माणसं साधारण दोन दिवस एकत्र बसवतात आणि कामाच्या मोठ्या जबाबदाऱ्या, त्याखालची एकेक कामं असा तक्ता भिंतीवर लावत जातात. हातात हत्यार धरणारीच माणसं बोलवा, साहेब लोक नकोत. एक जण विसरला की दुसरा आठवण करून देतो, तिथंच खरा फायदा होतो.

प्रतिसाद २:
डेकम चांगलंच आहे पण त्यातून काय करायचं ते कळतं, डोक्यात काय चालतं ते नाही कळत. त्यासाठी घडलेल्या प्रसंगावरून विचारायचं, फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडलेलं क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक हेच. "वेल्डिंग कसं करता" असं विचारूच नका, "अलीकडे कुठला जॉब बिघडता बिघडता वाचला, तेव्हा आधी काय दिसलं, नवखा असता तर काय केलं असतं" असं विचारा. आणि काम करताना व्हिडिओ काढा, मग त्यांच्यासोबत बसून थांबवत थांबवत बघा, इथे रॉड का तिरका केला, इथे वेग का कमी केला. मग आपोआप निघतं की आर्क लांबला की आवाज बदलतो, स्पॅटर (उडणारे वितळलेले थेंब) वाढतो, फार जवळ नेला की रॉड चिकटतो, आणि त्यांची नजर आर्कवर नसून वितळलेल्या धातूच्या डबक्यावर असते. हे शेवटचं तर कुणी स्वतःहून सांगतच नाही, कारण त्यांना ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की वेगळं सांगावंसं वाटत नाही.

प्रश्नकर्ता:
व्हिडिओचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच विचारतो त्यांना.

प्रतिसाद ३:
लिहून झालं की एका अगदी नवख्या मुलाला त्या कागदावरून काम करायला लावा आणि वेल्डरना शेजारी गप्प उभं करा. मुलगा जिथे अडेल तिथे पायरी राहिलीय समजा. पण धडे कुठल्या क्रमाने लावायचे ते मात्र शिक्षकांनीच ठरवावं, तज्ज्ञाला सगळंच एकदम सोपं वाटतं. आणि कृपा करून त्यांना वेळेचे पैसे द्या, कोर्सवर नावही घाला.