१९६९ ची जावा २५०: कुठले पार्ट बसतात आणि कुठून घ्यावे?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मामांची १९६९ ची जावा आहे, २५० वाली, सोळा इंची चाकं आणि हेडलाइटमध्येच स्पीडोमीटर असलेली. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आता मला दिलीये, चालू कर म्हणाले. इंजिन जाम नाहीये, पण कॉम्प्रेशन फारच कमी, क्लच प्लेटा गेल्यात आणि किकचा दांडा शाफ्टवर घसरतो, आणि गिअर पण त्याच दांड्याने टाकायचे असल्यामुळे तेही धड पडत नाहीत. सांगलीत विचारलं तर एक जण म्हणतो रोडकिंगचं (त्याच कारखान्याची नंतरची येझदी) सगळं बसतं, दुसरा म्हणतो काहीच बसत नाही, तिसऱ्याने गाडी न बघताच पिस्टन किट काढून समोर ठेवलं, डब्यावर नुसतं जावा-येझदी लिहिलेलं, साइजच नाही. ऑनलाइन शोधलं की नव्या जावाचे पार्ट येतात. मला गाडी शोला ठेवायची नाहीये, मामांना मागे बसवून फिरायचंय, पण जे घालीन ते बरोबर असावं. सुरुवात कुठून करू?

दोनसायलेन्सर
आधी ते पिस्टन किट घेऊ नको भावा. नव्या जावाचं तर विसरूनच जा, २०१८ ला आलेली ती फोर स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारी, नाव सोडलं तर तुझ्या गाडीशी काही संबंध नाही. तुझी म्हैसूरच्या आयडियल जावाची टू स्ट्रोक, तो कारखाना १९९६ ला बंद झाला, त्यामुळे दुकानदार "कंपनीचा माल" म्हणाला की समजायचं, एकतर कुठल्यातरी डीलरकडे पडून राहिलेला जुना स्टॉक आहे नाहीतर नंतर कोणीतरी बनवलेला. दोन्हीत चांगलं-वाईट असतं, जुन्या स्टॉकचं रबर पॅकिंगमध्ये असलं तरी कडक झालेलं असतं, ते घेऊ नये.

रोडकिंग १९७८ नंतरची, चाकं अठरा इंची, म्हणजे रिम टायर तर गेलेच. तुझ्या गाडीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिमी, पण बोअर जुळला म्हणून दुसऱ्या मॉडेलचा पिस्टन बसेलच असं नाही. गजन पिन म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन, तिची जाडी, पिनपासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची, खालच्या खिडक्या, आणि रिंगा अडवणाऱ्या बारीक पिना कुठे आहेत हे सगळं जुन्या पिस्टनशेजारी ठेवून बघायचं. रिंग अडवणारी ती पिन पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या, तोंडावर आली तर रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं आणि सिलिंडरची वाट लागते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोअरला टाकायचा नाही. बोअर त्या पिस्टनच्या मापाने करतात. आधी ०.५० मिमीने मोठा बोअर करून ठेवला आणि बाजारात ०.७५ चाच पिस्टन मिळाला तर परत तासायला लागतं, आणि प्रत्येक वेळी लोखंड कमी होतं ते परत येत नाही.

उद्यमनगरी_टर्नर
वरच्यांशी सहमत पण मी तर म्हणीन पिस्टनचा विषय आत्ता काढूच नका. उभ्या गाडीत रिंगा कार्बनने चिकटून बसतात, हेड आणि सिलिंडर काढून बघा, रिंगा मोकळ्या करून साफ केल्या की कधी कधी कॉम्प्रेशन तिथेच परत येतं. दुसरं म्हणजे क्रँकचे ऑइल सील. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद पाहिजे, सील कडक झालं की गाडी धड चालू होत नाही, आणि क्लचच्या बाजूचं सील गेलं की तिकडचं ऑइल आत ओढलं जाऊन पांढरा धूर काढते. लोक मात्र पिस्टनला दोष देत बसतात.

बेअरिंग आणि सीलला गाडीचं नाव सांगायची गरजच नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, उदा. ६२०४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४७, रुंदी १४, जगात कुठेही घ्या हेच माप. क्रँकला मात्र नंबरापुढे सी३ असलेलं मागा, इंजिन तापल्यावर त्याला जागा लागते. सीलवर पण तीन आकडे असतात, ते पुसले असतील तर शाफ्ट आणि घर व्हर्नियरने मोजा. सील व्हिटॉनचे मिळाले तर तेच घ्या, हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जुन्या पद्धतीचं रबर त्यात टिकत नाही. पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरच्या रबराचंही तेच.

दांड्याचं म्हणाल तर घासलंय कोण ते बघा, दांडा की शाफ्ट. शाफ्टचे दाते शाबूत असतील तर फक्त दांडा बदला, दांडा वेल्डिंगने शाफ्टला कायमचा चिकटवून देणारे भेटतील त्यांना हातही लावू देऊ नका, पुढे इंजिन उघडायचं झालं की ते कापावं लागतं. शाफ्ट गेला असेल तर नमुना घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात या, दाते भरून परत कापून देणारे आहेत, पण हार्डनिंग करून द्या असं स्पष्ट सांगायचं. या गाडीत गिअरचा दांडा दाबला की आतून क्लचही सुटतो, त्यामुळे दांडा ठीक झाल्यावर क्लचचं ॲडजस्टमेंट नव्याने करायला लागेल. क्लच प्लेटा कॉर्कच्या घेतल्यात तर बसवण्याआधी ऑइलमध्ये चांगल्या भिजू द्या.

पेठेतला_येझदीवाला
पुण्याला आलात तर नाना पेठेत जुने दुकानदार आहेत, पण मोबाइलवर फोटो दाखवून उपयोग नाही, जुना पार्ट पिशवीत घेऊन जायचा. जुना बाजार रविवार-बुधवार भरतो, तिथे इंजिनचे पार्ट शोधू नका, झाकणं, टूलबॉक्स, लिव्हर, नटबोल्ट असलं चांगलं मिळतं. गाडीचं काढलेलं काहीही फेकू नका, कितीही गंजलेलं असो, लेथवाल्याला नमुना तोच लागतो.

वायरिंग ६ व्होल्टचं आहे हे लक्षात ठेवा, १२ चा बल्ब लावला तर मिणमिणेल. डायनॅमोचं आर्मेचर बाद आहे म्हणून पूर्ण नवा सेट विकतील, आधी कार्बन ब्रश बघा, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आर्मेचर परत भरूनही मिळतं.

आणि कोणी पूर्ण दुसरं इंजिन स्वस्तात देतो म्हणाला तर नको. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला पाहिजे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, फी २०,०००, पण मग गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली प्रदर्शन एवढंच. मामांना फिरवायचं असेल तर साधं रजिस्ट्रेशनच रिन्यू करा.

कृष्णाकाठ
खूप आभार सगळ्यांचे. आरसी मामांकडे आहे, नंबर आजच पडताळतो. रविवारी हेड काढतो. टर्नरकाका, सिलिंडर काढताना गॅसकेट फाटलं तर तयार मिळेल का?

उद्यमनगरी_टर्नर
सिलिंडरखालचं कागदी गॅसकेट गॅसकेट शीट आणून घरीच कापा, जाडी मात्र जुन्याएवढीच ठेवा, जाड झालं तर सिलिंडर वर उचलला जातो आणि पोर्टचं टायमिंग हलतं. रिंगा काढताना तोडू नका, कुठली वरची कुठली खालची खूण करून ठेवा. फोटो टाका, बोअरवर ओरखडे आहेत का बघून सांगतो.